पंचमाची ओढ : गोदाकाठचा तंबोरा आणि गोव्याची कॉर्ड

नाशिकच्या संगीताचा इतिहास सांगताना पंचवटीतील विष्णु दिगंबर पलुस्करांच्या रामनाम आधार आश्रमापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे. परंतु पंचम या एकाच स्वराचा माग काढायचा झाल्यास गोदावरीच्या दुसऱ्या तीरावर, जुन्या गावाच्या पश्चिमेस वसलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीकडेही वळावे लागते. पंचवटीत पंचम हा षड्जाचा आधार होता, म्हणजे तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर अखंड वाजत राहून गायकाला आपल्या जागी स्थिर ठेवणारा स्वर होता. शरणपूरच्या उपासनेत मात्र तोच पंचम षड्जाकडे परतण्याची निकड निर्माण करीत होता, कारण युरोपीय भजनांच्या चालींत बहुतेक कडव्यांचा शेवट पंचमावर उभ्या केलेल्या स्वरसमूहाकडून षड्जावरील स्वरसमूहाकडे होतो. या दोन पंचमांची गाठ पुढे मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत पडली. ती गाठ का टिकली, हे समजण्यासाठी पाश्चात्त्य संगीतात ज्याला डॉमिनंट कॉर्ड म्हणतात तिची रचना आणि तिचा विस्तार आधी पाहिला पाहिजे.

एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या समूहास कॉर्ड म्हणतात, आणि ती बांधताना सप्तकातील एकाआड एक स्वर घेतला जातो. बिलावल थाटाच्या शुद्ध स्वरांत पंचमापासून आरंभ केला तर पंचम, निषाद आणि वरचा ऋषभ असे तीन स्वर मिळतात; त्यावर आणखी एक स्वर सोडून मध्यम ठेवला की पंचमापासून सातवा स्वर येतो आणि डॉमिनंट सेव्हन्थ ही कॉर्ड पूर्ण होते. तिच्यातील सगळी ओढ निषाद आणि मध्यम या दोन स्वरांत आहे. त्या दोहोंमध्ये तीन पूर्ण स्वरांचे अंतर असून ते कानाला अस्थिर वाटते. निषाद अर्ध्या स्वराने चढून षड्जाला मिळतो, मध्यम अर्ध्या स्वराने उतरून गंधारावर येतो, आणि मगच ऐकणाऱ्याला मुक्कामाला पोहोचल्यासारखे वाटते. याच क्रमाने आणखी वर गेल्यास धैवत, षड्ज आणि गंधार हे पंचमापासूनचे नववे, अकरावे आणि तेरावे स्वर लागतात आणि त्यांना जोडून होणाऱ्या कॉर्ड विस्तारित डॉमिनंट म्हणून ओळखल्या जातात. तेराव्यापर्यंत गेलेल्या कॉर्डमध्ये सप्तकातील सातही स्वर येतात. वाजवणारे अर्थातच ते सगळे वाजवीत नाहीत, दोन-तीन गाळतात, आणि कोणते गाळायचे यातच वाजवणाऱ्याची जाण दिसते. युरोपात डॉमिनंट सेव्हन्थ मोकळेपणाने वापरण्याचे श्रेय साधारणपणे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या माँटेव्हर्दीला दिले जाते. नवव्या-तेराव्या स्वरांची चटक मात्र फार पुढे, डेब्यूसी आणि राव्हेल यांच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेतील जॅझमध्ये लागली.

शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी उभारली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आणून शिक्षण आणि हस्तकौशल्य शिकवले जाई, आणि पूर्व आफ्रिकेत ही माणसे पुढे 'बॉम्बे आफ्रिकन' या नावाने ओळखली गेली. १८७३ मध्ये आफ्रिकेत मरण पावलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेत शिकलेला होता, तर प्राइस यांनी नाशिकमधील अनेकांना बरोबर नेऊन १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही वसाहत वसवली. ज्या अँग्लिकन परंपरेत हे मिशन वाढले तिचे भजन चार आवाजांत बांधलेले असते : वरच्या आवाजाला चाल, खालच्या आवाजाला पाया आणि मधल्या दोघांना भरणीचे स्वर. पंचमावरच्या कॉर्डवरून षड्जावरच्या कॉर्डवर येऊन थांबणे ही या भजनांची रोजची सवय होती, आणि मराठी मुलखातील सामान्य माणसाच्या कानावर डॉमिनंट कॉर्ड पडण्याची पहिली जागा नाटकगृह किंवा चित्रपटगृह नसून मिशनचे देऊळ होती, असे मानण्यास हरकत नाही.

मात्र तेथे ती रुजली नाही. नाशिकला विद्यार्थिदशा काढलेल्या आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, ओवी आणि पदे लिहिली, कीर्तनाची पद्धत आणली, आणि टाळ-मृदंगाच्या वळणाची ही भजने मंडळ्यांनी चटकन आपलीशी केली. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांच्यासोबत गायली जात राहिली, पण मराठी शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घांची त्या चालींत जी ओढाताण होई ती कोणालाही ऐकू येण्यासारखी होती. या इंग्रजी वळणाच्या उपासनेवर टिळकांचा आक्षेप होता तो धर्मभावनेच्या परकेपणाबद्दल, स्वरसंवादाबद्दल नव्हे. तरी त्यांच्या यशाचा सांगीतिक परिणाम असा झाला की मराठी भजन, मग ते विठ्ठलाचे असो वा ख्रिस्ताचे, एकाच षड्जाभोवती फिरत राहिले आणि कॉर्ड ही मिशनच्या पेटीपुरती उरली.

आता पलीकडच्या तीरावरील पंचवटीकडे वळू. विष्णु दिगंबरांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२ मधला. शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना. पुढे मुंबईत काढलेल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेल्यानंतर त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे मुख्यतः नाशिकला घालवली. रामभक्तीकडे वळलेल्या बुवांना पंचवटीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. आश्रमात तुलसीरामायण, नामधून आणि शिष्यांची तालीम असा क्रम होता; १९२१ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे पुढे डी. व्ही. या आद्याक्षरांनी गाजलेले गायक, येथेच लहानाचे मोठे झाले. बुवा १९३१ मध्ये मिरजेस निवर्तले. त्यांच्या परंपरेत लेखनपद्धती होती, क्रमिक पुस्तके होती, सामूहिक गायन होते. पण सामूहिक म्हणजे सर्वांनी एकच स्वर गाणे, आणि त्याखाली तंबोरा.

या तंबोऱ्यातच एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. कोणतीही तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर उमटतात, आणि जवारीचा दोरा नीट लागला की ते उघड ऐकू येतात. मूळ स्वर पहिला धरून मोजल्यास खरजाच्या तारेतून निघणाऱ्या पाचव्या उपस्वराला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. हाच हिशेब पहिल्या, म्हणजे पंचमाच्या तारेला लावला तर तिसरा उपस्वर ऋषभ, पाचवा निषाद आणि सातवा किंचित उतरलेला मध्यम असा निघतो. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले तर हा मध्यम पेटीवरच्या मध्यमापेक्षा सुमारे ३१ भागांनी खाली असतो, परंतु पंचम, निषाद, ऋषभ, मध्यम हा समूह म्हणजे डॉमिनंट सेव्हन्थच आहे. नववा उपस्वरही धरला तर धैवत मिळून ती नवव्या स्वरापर्यंत विस्तारते. तंबोऱ्याच्या प्रत्येक आवर्तनात पंचमाच्या तारेमागून षड्जाच्या तारा वाजतात, म्हणजे ओढ आणि मुक्काम दोन्ही तेथे क्रमाने हजर असतात. तरीही श्रोत्याला ओढ जाणवत नाही, कारण पंचमाचा नाद विरण्याआधी षड्ज येतो, षड्ज विरण्याआधी पुन्हा पंचम येतो, आणि आधीचा स्वर मागे पडल्याखेरीज कॉर्डला दिशा मिळत नाही. भरताने नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना परस्परांचे संवादी म्हटले आहे. षड्ज-पंचमाचे अंतर तेरा श्रुतींचे आहे. युरोपाने या संवादातून प्रवास काढला, भारताने वास्तव्य. एकाला पुढारलेले आणि दुसऱ्याला मागासलेले ठरवण्याचा खटाटोप दोन्ही बाजूंनी झाला असून तो दोन्ही बाजूंनी व्यर्थ आहे.

या दोहोंच्या मध्ये पेटी उभी राहिली, आणि तिने दोघांनाही पुरते समाधान दिले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी श्रुतींचे गणित मांडून बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली, ती १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत मांडली गेली आणि वादात सापडली; आकाशवाणीने तर १९४० पासून पेटीला दरवाजाच बंद केला आणि तो काही दशके तसाच राहिला. पेटीवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो हा आक्षेप खरा होता. मराठी रंगभूमीवर मात्र पेटी आणि पायपेटी सुखाने नांदल्या, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला गळ्यामागे जाण्याची कला शिकवली. नोंदण्यासारखी गोष्ट ही की कॉर्ड वाजवण्यासाठीच जन्मलेले हे वाद्य महाराष्ट्राने साठ-सत्तर वर्षे एका वेळी एक स्वर वाजवण्यासाठी वापरले.

गोव्यात परिस्थिती निराळी होती. पोर्तुगीज सत्तेखाली चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त्र' म्हणजे संगीतशिक्षक मुलांना सोल्फेजो शिकवीत. स्वरलिपी पाहून थेट गाण्याचा हा अभ्यास पक्का झाला की हातात व्हायोलिन येई. मांडो या गीतप्रकारात दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालतो, म्हणजे कॉर्डचे भान तेथे लोकगीतापर्यंत उतरले होते. ही मंडळी पलटणींच्या, संस्थानांच्या आणि हॉटेलांच्या बँडमध्ये गेली आणि बोलपट आल्यावर मुंबईच्या स्टुडिओंत स्थिरावली. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार केशवराव भोळे यांनी 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन घेतली होती. तरी कॉर्ड हा चालीचा अविभाज्य भाग होण्यासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली.

ते काम करणाऱ्यांत अग्रभागी असलेले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास लागणाऱ्या पुणतांब्याचे. त्यांचा जन्म १९१८ चा, आणि त्यांचे शास्त्रीय शिक्षण झाले ते विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे, जे विष्णु दिगंबरांचे साक्षात शिष्य होते. पलुस्कर परंपरेत शिकलेला हा तरुण मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादक म्हणून राबला, आणि संगीतकार झाल्यावर त्याने साहाय्यक म्हणून घेतला तो हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या जॅझजगतात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेला. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांत स्विंग, लॅटिन ठेके आणि शेवटी रॉक अँड रोल यांचा जो धुमाकूळ आहे, त्याच्या मुळाशी डॉमिनंट कॉर्ड आहेत. ब्लूज आणि रॉक अँड रोल यांच्यात तर मुक्कामाची कॉर्डही डॉमिनंटच्याच घडणीची असते, म्हणजे पोहोचल्यावरही पाय थांबत नाहीत. शास्त्रीय तालीम झालेल्या संगीतकाराला हे उपरे वाटले असते तर नवल नव्हते. पण खमाजात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही निषाद हाताळलेल्या कानाला षड्ज, गंधार, पंचम आणि कोमल निषाद हा समूह ओळखीचा होता, आणि तो मध्यमाकडे झुकतो हेही त्याला ठुमरीतून ठाऊक होते.

जॅझवाल्यांनी आणखी एक गोष्ट आणली : डॉमिनंटांची साखळी. पंचमावरची कॉर्ड षड्जाकडे ओढते, त्याचप्रमाणे ऋषभावर बांधलेली डॉमिनंट पंचमाकडे, धैवतावरची ऋषभाकडे आणि गंधारावरची धैवताकडे ओढते. तेव्हा गंधार, धैवत, ऋषभ, पंचम आणि मग षड्ज अशी रांग लावली की प्रत्येक ओढ दुसऱ्या ओढीतच विरते आणि मुक्काम लांबत जातो. पाश्चात्त्य अध्यापनात विस्तारित डॉमिनंट हे नाव या रांगेलाही देतात. तिच्यासाठी कोमल धैवत, कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम असे बिलावलाबाहेरचे स्वर क्षणभर उसने घ्यावे लागतात, म्हणून रागाच्या शिस्तीत ती बसत नाही. तरीही तिच्या आतून चालणारी एक ओळ न्याहाळण्यासारखी आहे : कोमल धैवत, पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, गंधार. यातील दोन मध्यमांची लागोपाठची उतरण ललत ऐकणाऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

खरा कस लागला तो रागावर बांधलेल्या चालींखाली कॉर्ड ठेवताना. हे काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोवेकर अरेंजरांनी केले. अरेंजर म्हणजे संगीतकाराच्या चालीसाठी वाद्यवृंदातील प्रत्येकाचा भाग लिहून देणारा जाणकार. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन पुढे शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. मजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या, आणि त्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. या अरेंजरांपुढची अडचण सरगमाच्या भाषेत सहज सांगता येते. यमनात शुद्ध मध्यम वर्ज्य आहे, म्हणून साधी डॉमिनंट सेव्हन्थ तेथे वाजली की राग मोडतो. सातवा स्वर गाळून त्याऐवजी नववा, म्हणजे धैवत, जोडला की ओढ काहीशी राहते आणि यमनही राहतो. भूपात तर निषाद आणि मध्यम दोन्ही नाहीत, म्हणजे डॉमिनंटला डॉमिनंटपण देणारे दोन्ही स्वर नाहीत. पण भूपाचे पाचही स्वर पंचमापासून मोजून पाहिले तर पंचम मूळ, ऋषभ पाचवा, धैवत नववा, षड्ज अकरावा आणि गंधार तेरावा, असा कॉर्डचा सगळा विस्तार हाती येतो. दुर्गाचे पाच स्वर, म्हणजे षड्ज, ऋषभ, मध्यम, पंचम आणि धैवत, हे निषाद वगळलेल्या अकराव्याच्या कॉर्डचेच स्वर आहेत, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. भैरवात पंचमावर शुद्ध ऋषभ मिळत नाही, परंतु कोमल ऋषभावर मध्यम, कोमल धैवत आणि निषाद ठेवले की जॅझवाले डॉमिनंटच्या बदली वापरतात तीच कॉर्ड तयार होते आणि षड्जावर अर्ध्या स्वराने घसरत उतरते.

यातून निघणारा निष्कर्ष असा की साधी, चर्चच्या भजनातली डॉमिनंट सेव्हन्थ रागसंगीताशी जुळणे अवघड होते. विस्तारलेली, स्वर गाळलेली आणि त्यामुळे ओढ सैलावलेली डॉमिनंट मात्र जुळली. तंबोऱ्याकडून पाहिले तरी हेच दिसते. षड्ज अखंड वाजत असताना पंचमावरची कोणतीही कॉर्ड आपोआप अकराव्याची होते, कारण षड्ज हा पंचमापासून अकरावा स्वर आहे. आणि त्या षड्जाशी निषादाची अर्ध्या स्वराची टक्कर टाळायची तर निषाद सोडावा लागतो. शरणपूरच्या पेटीला जे साधले नाही ते स्टुडिओत साधले, याचे श्रेय काळाला किंवा श्रोत्यांच्या बदललेल्या अभिरुचीला देण्यापेक्षा त्या एका गाळलेल्या निषादाला देणे अधिक न्याय्य ठरेल.

गोव्याचा प्रभाव म्हणजे केवळ कॉर्ड असेही नाही. नाशिकला प्राध्यापकी करीत नाटके लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकाला संगीत दिले ते मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी, आणि त्या पदांनी नाट्यसंगीताला नवा जोम आणला तो ऑर्गन आणि तबल्याच्या साथीत, रागाच्या मांडणीतून. मंगेशी आणि हळदोणे यांच्यात अंतर फारसे नाही. पंचमाकडे पाहण्याची दृष्टी मात्र देवळाने आणि चर्चने वेगवेगळी घडवली होती.

पलुस्करांच्या परंपरेचा इतिहास लिहिणे शक्य झाले, कारण तिने आपली पुस्तके छापली, विद्यालये काढली आणि शिष्यांची नावे जपली. कॉर्डचा इतिहास गोवेकर अरेंजरांनी हाताने लिहिलेल्या कागदांवर होता. ध्वनिमुद्रण संपले की त्या कागदांचे काम संपे, आणि लिहिणाऱ्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही पुष्कळदा येत नसत. असे कागद ज्या घरांत अद्याप असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि मुंबई, पणजी, पुणे आणि नाशिक येथील संगीतसंस्थांनी ते मागून घेऊन त्यांच्या प्रती काढाव्यात. ध्वनिमुद्रिकेवरून चाल उतरवता येते, परंतु आतले कोणते स्वर कोणी जाणूनबुजून गाळले हे त्या कागदांखेरीज खात्रीने सांगता येत नाही.